चोरीच्या करडांचे प्राणिउद्यान

थ्रेड : आल्प्स पर्वताच्या बहुतेक भागातून नाहीसा झालेला एक प्राणी पुन्हा त्या पर्वतावर आला, आणि तो आला तस्करीच्या वाटेने. चोरीचा हा माल ज्या ठिकाणी उतरवला गेला, ते ठिकाण म्हणजे एक लहानसे प्राणिउद्यान. एका राजाची हौस, एका चोरट्या शिकाऱ्याची पाठपिशवी आणि एका शहराची चिकाटी यांची ही हकिगत.

१/
स्वित्झर्लंडच्या ईशान्येस सेंट गॅलन हे शहर आहे. शहरालगतच्या रोटमॉन्टेन टेकडीवर ‘पीटर आणि पॉल’ हे वन्यप्राणी उद्यान १८९२ पासून उभे आहे. येथे प्रवेशशुल्क नाही. हत्ती, सिंह, जिराफ यांपैकी काहीही येथे दिसत नाही. दिसतात ती लाल हरणे, शॅमॉय, मार्मोट, रानडुकरे, लिंक्स आणि रानमांजरे; म्हणजे याच मुलखातले, याच डोंगरांतले प्राणी.

२/
उद्यानाच्या मध्यभागी एक उंच, ओबडधोबड कडा आहे. तो नैसर्गिक नाही. झ्युरिकचा शिल्पकार उर्स एगेनश्विलर याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो बांधला. याच एगेनश्विलरला पुढे कार्ल हागेनबेकने हँबर्गच्या आपल्या प्रसिद्ध प्राणिउद्यानातील खडक उभारण्यासाठी बोलावून घेतले. सेंट गॅलनच्या कड्यावर आज आयबेक्स निवांत रवंथ करताना दिसतात. पाहुणे छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात.

३/
या कड्यापाशी थोडे थांबावे असे कारण आहे. आज स्वित्झर्लंडच्या डोंगरांत हजारो आयबेक्स मोकळे फिरतात. त्यांच्यातील फार मोठ्या संख्येची वंशावळ मागे मागे नेली, तर ती या उद्यानातील काही करडांपाशी येऊन पोहोचते. ती करडे शेजारच्या देशाच्या राजाच्या मालकीची होती. राजाने ती दिली नव्हती. ती चोरून आणली गेली होती.

४/
प्रथम प्राण्याविषयी. आयबेक्स हा रानबकऱ्यांच्या कुळातला. नराची मागे वळलेली, आडव्या गाठींची शिंगे मीटरभर लांब होऊ शकतात. झाडांची सीमा संपते तिथून वरचा उघडा खडकाळ प्रदेश हे त्याचे घर. लांडगा किंवा अन्य शत्रू दिसला, की तो दूर पळून जात नाही. जवळच्या कड्यावर चढतो, आणि तेथे उभा राहून खाली पाहत राहतो.

५/
लांडग्यापासून वाचण्यास ही रीत उत्तम होती. बंदुकीपुढे मात्र तीच घातक ठरली. कड्यावर स्थिर उभा असलेला मोठा प्राणी म्हणजे नेमबाजाला आयते लक्ष्य. पंधराव्या-सोळाव्या शतकांत आल्प्सच्या खोऱ्यांत बंदुका पोहोचू लागल्या, आणि हजारो वर्षे उपयोगी पडलेला स्वभावच या प्राण्याच्या मुळावर आला.

६/
त्यात भर पडली ती औषधविद्येची. आयबेक्सच्या अंगाचा एकही भाग निरुपयोगी मानला जात नसे. शिंगांचे चूर्ण, रक्त, हृदयातील क्रूसाच्या आकाराचे लहानसे हाड, हे सारे विकले जाई. त्याच्या जठरात सापडणाऱ्या केसांच्या व तंतूंच्या कठीण गोळ्यांना आपल्याकडच्या गोरोचनासारखे मोल होते. साल्झबुर्गच्या आर्चबिशपांच्या राज्यात ही द्रव्ये औषधालयातून मिळत. एकीकडे या प्राण्याच्या शिकारीवर निर्बंध घालायचे आणि दुसरीकडे त्याच्याच अवयवांचा व्यापार चालू ठेवायचा, असा तो विरोधाभास होता.

७/
परिणाम क्रमाक्रमाने दिसू लागला. ग्राउब्युंडेनच्या डोंगरांतून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत आयबेक्स संपला. झिलरटालमधून अठराव्या शतकाच्या आरंभी संपला. व्हाले प्रांतातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी संपला. ग्राउब्युंडेनच्या राजचिन्हावर आयबेक्स आहे. म्हणजे सुमारे अडीचशे वर्षे तो तेथे केवळ चिन्हापुरताच उरला होता.

८/
सारा आल्प्स धुंडाळला असता तर त्या वेळी हा प्राणी एकाच ठिकाणी सापडला असता : वायव्य इटलीतील ४,०६१ मीटर उंचीच्या ग्रान पारादिसो शिखराभोवती. तेथेही संख्या शंभराच्या आत आली होती, असे मानले जाते.

९/
येथे योसेफ त्सुमश्टाइन या वनाधिकाऱ्याचे नाव येते. ग्रेसोने खोऱ्यातला हा गृहस्थ गिर्यारोहकही होता. मोंटे रोझा पर्वतसमूहातील एका शिखराला त्याचे नाव आहे. आयबेक्स संपत चालल्याचे त्याने तुरीनच्या विज्ञान अकादमीच्या निदर्शनास आणले. १८२१ मध्ये राजा कार्लो फेलिचे याने आयबेक्सच्या शिकारीस मनाई करणारा हुकूम काढला.

१०/
हुकूम निघाला म्हणून डोंगरात लगेच काही बदलत नाही. खरी राखण सुरू झाली ती व्हित्तोरिओ इमानुएले दुसरा याच्या काळात. हाच राजा १८६१ मध्ये एकसंध इटलीचा पहिला राजा झाला. त्याने १८५६ मध्ये ग्रान पारादिसो हे राजाचे खासगी शिकारक्षेत्र म्हणून राखून घेतले. आयबेक्सविषयी कळवळा हे त्याचे कारण नव्हते. आयबेक्स मारण्याचा आनंद आपल्याशिवाय दुसऱ्या कोणी घेऊ नये, हे कारण होते.

११/
राजाच्या स्वारीसाठी कडेकपाऱ्यांतून शेकडो किलोमीटर खेचरवाटा बांधल्या गेल्या. हाकारे प्राण्यांना रेटत आणत आणि राजा आडोशाआडून गोळी घाली. सार्रे येथील त्याच्या वाड्याचे दालन आजही भिंतीभर लावलेल्या शिंगांनी मढलेले आहे. रखवालदारांची जी फौज उभारली, तिच्यात पूर्वीचे चोरटे शिकारीही घेतले गेले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचाच हा प्रकार, पण येथे तो यशस्वी झाला. ज्यांना चोरवाटा ठाऊक होत्या, तेच त्या वाटा अडवू शकत होते.

१२/
राजाने आयबेक्स मारले, आणि राजामुळेच आयबेक्स वाचले. दोन्ही विधाने खरी आहेत. एका बंदुकीने जे घेतले, त्याहून कितीतरी अधिक शेकडो बंदुका दूर ठेवल्याने राहिले. शतकाच्या अखेरीस ग्रान पारादिसोत या प्राण्यांची संख्या हजारांत गेली होती. परंतु जगातील सारे अल्पाइन आयबेक्स आता एकाच पर्वतावर, एकाच घराण्याच्या मर्जीवर अवलंबून होते. एखादी साथ, एखादे युद्ध किंवा एखादा बेफिकीर वारस एवढ्याने सारे संपू शकले असते.

१३/
इकडे स्वित्झर्लंडने १८७५ मध्ये शिकार व पक्षिसंरक्षणाचा संघीय कायदा केला. आयबेक्स पुन्हा डोंगरांत वसवावा, असा उद्देश त्या कायद्यात होता. हेतू स्पष्ट होता. प्राणी मात्र नव्हते. इटालियन राजघराण्याकडे विनंत्या झाल्या. नकार आला. ज्या प्राण्याची शिकार हा केवळ आपला मान आहे, तो शेजाऱ्याला देऊन त्या मानाची किंमत कोण कमी करील?

१४/
मग सोपा मार्ग शोधला गेला. आयबेक्स आणि पाळीव शेळी यांचा संकर करून ती संतती डोंगरात सोडायची. प्रयोग झाले आणि फसले. आयबेक्सचा माज डिसेंबर-जानेवारीत येतो, गर्भकाळ साडेपाच महिन्यांच्या आसपास असतो, आणि म्हणून करडे जूनमध्ये, कोवळे गवत उगवले असताना जन्मतात. संकरित प्राण्यांचा माज लवकर येई. त्यांची करडे ऐन हिमात जन्मत आणि मरत. जी मोठी होत, ती डोंगर सोडून वस्तीकडे वळत.

१५/
कॅलेंडर रक्तात असते, हा धडा त्यातून मिळाला. डोंगरात टिकायचे असेल तर शुद्ध वंशाचाच प्राणी हवा. सेंट गॅलनमधील वैद्य व प्राणिअभ्यासक आल्बर्ट गिर्टानर हे या मताचे होते. उद्यानाच्या कारभारात पुढाकार घेणारे हॉटेलमालक रोबर्ट माडर हे दुसरे प्रमुख गृहस्थ. सेंट गॅलन त्या काळी भरतकामाच्या व्यापारावर भरभराटीस आले होते. शहरातील नागरिकांनी उभारलेले उद्यान होते, आणि एगेनश्विलरचा कडाही तयार होता. फक्त त्यावर चढणारे हवे होते.

१६/
ते पुरवले आओस्ता खोऱ्यातील आयमाव्हिल गावच्या जोझेफ बेरार याने. बेरार हा चोरटा शिकारी होता. राजाच्या शिकारक्षेत्राच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या या माणसाला कडे, खिंडी आणि रखवालदारांच्या फेऱ्यांच्या वेळा ठाऊक होत्या. १९०६ मध्ये त्याने पकडलेली पहिली करडे सीमेपार स्वित्झर्लंडमध्ये उतरली, आणि तेथून ती सेंट गॅलनला पोहोचली.

१७/
हे काम किती अवघड होते, याची कल्पना प्राण्याच्या स्वभावावरून येते. आयबेक्सचे करडू जन्मल्यानंतर फार थोड्या काळात आईमागे कड्यावर चढू लागते. एकदा ते चढले, की माणसाच्या हाती लागत नाही. म्हणजे पकडायचे तर जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच. त्यासाठी माद्या कोठे विणार हे आधी हेरायचे, रखवालदारांची नजर चुकवायची, करडू उचलायचे, पाठपिशवीत घालायचे, आणि बर्फाळ खिंड ओलांडून पलीकडे उतरायचे. वाटेत त्याला दूध पाजायचे ते शेळीचे.

१८/
स्विस संघीय अधिकाऱ्यांना हे ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. संघीय वनखात्याचे प्रमुख योहान कोआत्स यांचा या उपक्रमास पाठिंबा होता. हे कोआत्स म्हणजे १८५० मध्ये पित्झ बेर्निना हे शिखर पहिल्यांदा सर करणाऱ्या चमूतील गिर्यारोहक. एका देशाच्या कायद्याने जे करण्यास सांगितले होते, तेच करण्यासाठी दुसऱ्या देशाचा कायदा मोडला जात होता, आणि त्याकडे जाणूनबुजून डोळेझाक होत होती.

१९/
बेराराला नायक करण्याची घाई करू नये. तो हे काम पैशांसाठी करीत होता. त्याच्या हाती आलेले प्रत्येक करडू आईपासून तोडलेले होते. पण त्याला केवळ चोर म्हणून सोडून देणेही अवघड आहे. राजाचे शिकारक्षेत्र होण्यापूर्वी हे डोंगर खोऱ्यातल्या लोकांच्या चराईचे आणि शिकारीचे होते. ‘चोरटी शिकार’ हा शब्द तेथे राजाच्या कुंपणाबरोबर रुजला. इतिहासात मालक आणि चोर यांच्यातली रेषा अनेकदा अशीच, कुंपण घातल्यानंतर आखली जाते.

२०/
सेंट गॅलनला पोहोचलेली करडे बाटलीने दूध पिऊन वाढली. ती कड्यावर चढू लागली, आणि काही वर्षांत त्यांनाच करडे झाली. तस्करीही चालूच राहिली. १९०६ पासून १९३०च्या दशकाच्या आरंभापर्यंत पन्नासाहून अधिक करडे अशा रीतीने स्वित्झर्लंडमध्ये आली. इंटरलाकेनजवळील हार्डर येथील आल्पाइन उद्यानही पुढे या कार्यात सामील झाले.

२१/
आणि मग या हकिगतीतील निर्णायक क्षण आला. १९११ मध्ये सेंट गॅलनच्या दक्षिणेकडील ग्राउए होर्नर या डोंगराळ भागात मूठभर आयबेक्स मोकळे सोडण्यात आले. उद्यानात ठेवण्यासाठी जे एवढ्या कष्टाने आणले, ते सोडून देण्यासाठीच आणले होते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्या काळी प्राणिसंग्रहालय म्हणजे दूरदेशीचे प्राणी पिंजऱ्यात आणून दाखवण्याची जागा, अशी सर्वत्र समजूत होती. येथे दार बाहेरच्या बाजूस उघडले होते. गिर्टानर यांना मात्र हे पाहता आले नाही. पहिली करडे आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९०७ मध्ये, ते निवर्तले.

२२/
१९१४ मध्ये स्थापन झालेल्या स्विस राष्ट्रीय उद्यानात १९२० मध्ये आयबेक्स सोडले गेले. पोन्त्रेसिनाजवळच्या पित्झ आल्ब्रिस येथील कळप तर एवढा वाढला, की पुढे तेथून प्राणी पकडून इतर डोंगरांत नेण्यात आले. चिन्हावरचा आयबेक्स ग्राउब्युंडेनच्या कड्यावर पुन्हा दिसू लागला.

२३/
ही उठाठेव अनावश्यक होती काय? राजाकडे प्राणी सुरक्षितच होते, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाने दिले. राजघराण्याने शिकारक्षेत्र राष्ट्राला दिल्यानंतर १९२२ मध्ये ग्रान पारादिसो हे राष्ट्रीय उद्यान झाले होते. परंतु नंतरच्या दुर्लक्षाने आणि युद्धकाळातील बेबंद शिकारीने तेथील आयबेक्स १९४५ पर्यंत सुमारे चारशेवर आले. तुरीनचे पशुवैद्यक प्राध्यापक रेन्झो व्हिडेसॉट यांनी उद्यानाची घडी नव्याने बसवली, म्हणून मूळ कळप वाचला. तो वाचला नसता, तरी आयबेक्स वाचला असता. कारण तोवर तो स्वित्झर्लंडच्या डोंगरांत पसरला होता.

२४/
आज संपूर्ण आल्प्समध्ये पन्नास हजारांच्या आसपास आयबेक्स आहेत. स्वित्झर्लंडमध्ये १९७७ पासून त्यांची नियंत्रित शिकारही होते, कारण काही ठिकाणी संख्या फार वाढते. आकडे पाहिले तर हा संपूर्ण विजय वाटतो. रक्त तपासले, की दुसरी बाजू दिसते.

२५/
हे सारे प्राणी शंभराहून कमी पूर्वजांची संतती आहेत. त्या थोड्यांतून काही करडे उद्यानात आली, उद्यानातील काही डोंगरात गेली, आणि त्या डोंगरातील काहींपासून पुढचे कळप झाले. चाळणीतून चाळण काढावी तसे प्रत्येक टप्प्यावर वैविध्य गळत गेले. जनुकीय अभ्यासांत आल्प्समधील आयबेक्सची विविधता अत्यंत कमी आढळली आहे. आंतरप्रजननाच्या खुणा त्यांच्यात स्पष्ट आहेत. एखाद्या नव्या रोगापुढे हे सारे कळप सारखेच दुबळे ठरण्याची भीती आहे. जे चारशे वर्षांत मारले गेले, ते संख्येने भरून आले. गुणसूत्रांतून जे गेले, ते परत आलेले नाही.

२६/
म्हणून सेंट गॅलनचा धडा दुहेरी आहे. प्राणिउद्यान एखादी जात वाचवू शकते, हे तेथे फार पूर्वी सिद्ध झाले. त्याच मार्गाने पुढे दाढीवाले गिधाडही परतले. आल्प्समधील अखेरचे दाढीवाले गिधाड १९१३ च्या सुमारास मारले गेले. इन्सब्रूक येथे १९६२ मध्ये हान्स प्सेनर यांनी स्थापलेले, केवळ आल्प्समधील प्राण्यांना वाहिलेले आल्पेनझू आणि इतर काही उद्याने यांत या गिधाडांची पैदास झाली. १९८६ मध्ये ऑस्ट्रियात पहिली पिल्ले मोकळी सोडली गेली, आणि १९९७ मध्ये फ्रेंच आल्प्समध्ये मोकळ्या जोडीचे पहिले पिल्लू घरट्यातून उडाले. या गिधाडाविषयीही गिर्टानर यांनी एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवले होते.

२७/
धड्याची दुसरी बाजू अशी, की उद्यान हा अखेरचा उपाय आहे, पहिला नव्हे. शंभर प्राणी उरेपर्यंत थांबले, तर पुढे पन्नास हजार झाले तरी ते त्या शंभरांचेच राहतात. भारतात दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिउद्यानात हिमबिबट्या आणि लाल पांडा यांची पैदास होते. तेथून लाल पांडे सिंगालिलाच्या जंगलात सोडलेही गेले आहेत. अशा कामाचे मोल मोठे आहे. परंतु जंगलात तो प्राणी अजून पुरेसा असतानाच ते सुरू व्हावे, हे आयबेक्सचा इतिहास सांगतो.

२८/
रोटमॉन्टेनच्या टेकडीवरून निरभ्र दिवशी एका बाजूस बोडेन सरोवर आणि दुसऱ्या बाजूस आल्पश्टाइनचे डोंगर दिसतात. उद्यानातील कृत्रिम कड्यावर उभा असलेला आयबेक्स, त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे, स्थिर उभा राहून खाली पाहतो. याच सवयीने त्याच्या पूर्वजांचा घात केला होता. आता खाली बंदूक नाही. शाळेच्या सहलीला आलेली मुले आहेत. त्यांच्यापैकी कोणी विचारलेच, की हा येथे कसा आला, तर खरे उत्तर एकच : पाठपिशवीतून, रात्रीच्या वाटेने, चोरून.

(थ्रेड समाप्त)